अ‍ॅबिसिनिया १९३५ : निर्बंध लागले, पण तेल वाहत राहिले

डिसेंबर १९३४ मध्ये इटलीचे सैनिक दोन अगदी वेगळ्या कामांवर होते. फ्रान्स आणि जर्मनीच्या मधल्या सार प्रांतात ते राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स, पहिल्या महायुद्धानंतरची आंतरराष्ट्रीय संघटना) वतीने शांतता राखायला उतरले. त्याच महिन्यात पूर्व आफ्रिकेत, ओगादेनच्या रखरखीत मुलखातल्या वालवालच्या विहिरींपाशी, इटलीच्या वसाहती फौजेची अ‍ॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) सैनिकांशी चकमक उडाली. सारमधल्या कामाचे कौतुक झाले. वालवालमधून जे प्रकरण उभे राहिले, त्यात दीड वर्षात राष्ट्रसंघाचा एक सदस्य देश नकाशावरून गेला आणि संघाची पतही गेली.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आंतरराष्ट्रीय शांततेची व्यवस्था का कोसळली, याचे उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ असते : राष्ट्रसंघाकडे सैन्य नव्हते, अमेरिका सदस्य नव्हती, निर्णयाला एकमत लागायचे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण या प्रकरणात एकमतावाचून काही अडले नाही, आणि सैन्य न वापरताही बरेच करता येण्यासारखे होते. ब्रिटन आणि फ्रान्सला अ‍ॅबिसिनियाही वाचवायचा होता आणि मुसोलिनीलाही दुखवायचे नव्हते. यातले काय सोडायचे, हे त्यांनी शेवटपर्यंत ठरवले नाही.

पार्श्वभूमी

आधी सारबद्दल, कारण राष्ट्रसंघ कुठे यशस्वी होत होता हे त्यातून दिसते. पहिल्या महायुद्धानंतर हा कोळशाचा प्रांत पंधरा वर्षे संघाच्या कारभाराखाली होता आणि १३ जानेवारी १९३५ ला तिथे सार्वमत व्हायचे होते. दंगली होतील ही भीती होती. म्हणून सुमारे ३,३०० सैनिकांची आंतरराष्ट्रीय तुकडी पाठवली : ब्रिटनचे १,५००, इटलीचे १,३००, उरलेले स्वीडन आणि नेदरलँड्सचे. मतदान सुरळीत पार पडले आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी जर्मनीच्या बाजूने कौल दिला. पण या तुकडीला हिटलर आणि फ्रान्स, दोघांचाही आधीच होकार होता. आलांड बेटांचा तंटा (१९२१) आणि ग्रीस-बल्गेरियाचा सीमातंटा (१९२५) संघाने मिटवला, तेव्हाही वादातले देश एक तर छोटे होते किंवा ऐकायला तयार होते.

जिथे एक पक्ष मोठा आणि हट्टाला पेटलेला होता, तिथली गोष्ट मांचुरियात दिसली. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने हल्ला केला. संघाने लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली (हेच लिटन पूर्वी बंगालचे गव्हर्नर होते). अहवाल आला ऑक्टोबर १९३२ मध्ये, तोवर जपानने तिथे मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभेही केले होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये अहवाल ४२ विरुद्ध १ मताने मंजूर झाला, एक मत अर्थात जपानचे. जपान संघातून बाहेर पडला आणि विषय तिथेच संपला. त्या वेळी एक सबब तरी होती : मांचुरिया फार लांब, युरोपच्या आरमारांच्या हाताबाहेर.

अ‍ॅबिसिनियाच्या बाबतीत ती सबब चालणार नव्हती. इटलीचा प्रत्येक सैनिक आणि दारूगोळ्याची प्रत्येक पेटी सुवेझ कालव्यातूनच जाणार होती, आणि कालव्याच्या काठावर ब्रिटिश फौज होती.

अ‍ॅबिसिनिया १९२३ पासून संघाचा सदस्य होता. त्याच्या प्रवेशाला तेव्हा इटलीनेच पाठिंबा दिला होता, आणि १९२८ मध्ये दोन्ही देशांनी मैत्रीचा करारही केला होता. दुसरीकडे १८९६ साली अडोवाच्या लढाईत अ‍ॅबिसिनियाने इटलीचा पराभव केला होता, तो सल रोममध्ये कायम होता. एरिट्रिया आणि सोमालिया या इटलीच्या दोन वसाहती अ‍ॅबिसिनियाच्या दोन बाजूंना होत्या. मधला देश मिळाला की साम्राज्य जोडले जाणार होते.

प्रश्न

वालवालची चकमक ५ डिसेंबर १९३४ ची. ही जागा खुद्द इटलीच्या नकाशांप्रमाणेसुद्धा अ‍ॅबिसिनियाच्या हद्दीत बरीच आत होती. तरी इटलीने माफी, नुकसानभरपाई आणि आपल्या झेंड्याला सलामी मागितली. सम्राट हेले सेलासी यांनी १९२८ च्या कराराप्रमाणे लवाद मागितला, तो नाकारला गेला, तेव्हा जानेवारी १९३५ च्या सुरुवातीला त्यांनी राष्ट्रसंघाकडे धाव घेतली.

त्याच आठवड्यात, ७ जानेवारीला, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लावाल रोममध्ये मुसोलिनीशी करार करत होते. अ‍ॅबिसिनियाबद्दल दोघांत तोंडी काय ठरले यावर पुढे वाद झाला. फ्रान्सने आपल्याला मोकळे रान दिले, असे मुसोलिनीने धरून चालले. आपण फक्त आर्थिक हितसंबंधांपुरते बोललो होतो, असे लावाल नंतर म्हणाले. मार्चमध्ये हिटलरने सक्तीची सैन्यभरती सुरू केली. एप्रिलमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीचे नेते स्त्रेसा इथे जर्मनीविरुद्ध एकजूट दाखवायला जमले. एरिट्रियात इटलीची फौज गोळा होत आहे हे सगळ्यांना माहीत होते, पण परिषदेच्या टेबलावर तो विषय कोणी काढला नाही. शेवटच्या निवेदनात शांतता जपायची ठरली ती ‘युरोपची’. ही मर्यादा मुसोलिनीला हवीच होती.

वालवालच्या लवादाचे भिजत घोंगडे सप्टेंबरपर्यंत पडून राहिले. ३ सप्टेंबरला निकाल आला : दोष कोणाचाच नाही. मधल्या नऊ महिन्यांत इटलीची जहाजे कालव्याचा रीतसर कर भरून जात राहिली. दरम्यान ब्रिटन आणि फ्रान्सने दोन्ही पक्षांना शस्त्रे द्यायची नाहीत असे ठरवले. वरून हे मोठे निःपक्षपाती वाटते. इटलीचे स्वतःचे शस्त्रकारखाने होते आणि अ‍ॅबिसिनियाकडे सांगण्यासारखा एकही नव्हता, त्यामुळे बंदी प्रत्यक्षात एकालाच लागली.

समोर असलेले पर्याय

१९३५ च्या उन्हाळ्यात लंडन आणि पॅरिसपुढे ढोबळमानाने चार वाटा होत्या.

पहिली, काणाडोळा करायचा. फ्रान्सचा कल इकडे होता, कारण जर्मनी शेजारी आणि इटली हाताशी असलेला दोस्त. दुसरी, मुसोलिनीला काहीतरी देऊन गप्प करायचे. जूनमध्ये ब्रिटनचे मंत्री अँथनी ईडन रोमला गेले ते यासाठीच : ब्रिटिश सोमालीलँडमधले झैला बंदर अ‍ॅबिसिनियाला द्यायचे आणि बदल्यात अ‍ॅबिसिनियाने ओगादेनचा काही भाग इटलीला सोडायचा. मुसोलिनीने हे धुडकावले. तिसरी, राष्ट्रसंघाच्या कलम १६ खाली आर्थिक निर्बंध. चौथी, सुवेझ बंद करणे.

चौथ्या वाटेवर थोडे थांबायला हवे, कारण आजही चर्चा तिथेच येऊन अडते. १८८८ च्या करारानुसार कालवा युद्धातही सर्वांना खुला ठेवायचा होता. तो बंद करणे म्हणजे इटलीशी युद्ध, हे उघड होते. ब्रिटिश आरमाराला जिंकण्याबद्दल शंका नव्हती, पण चारदोन मोठी जहाजे गमावली तर पूर्वेकडे जपानपुढे आपण उघडे पडू ही भीती होती. माल्टाचा विमानविरोधी बचाव तोकडा होता. फ्रान्सची बंदरे वेळेला मिळतील याचीही खात्री नव्हती. ही भीती खोटी म्हणता येत नाही.

जनमताचाही दबाव होता. ब्रिटनमध्ये स्वयंसेवी संस्थांनी घेतलेल्या ‘पीस बॅलट’चे निकाल जूनमध्ये आले. एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली होती. आक्रमकावर आर्थिक निर्बंध घालायला प्रचंड बहुमताने होकार होता आणि लष्करी कारवाईला पाठिंबा त्या मानाने बराच कमी. पंतप्रधान बाल्डविन यांना नोव्हेंबरमध्ये निवडणूक लढवायची होती. म्हणजे राष्ट्रसंघाच्या बाजूने ठाम बोलायचे, पण युद्ध होऊ द्यायचे नाही. तिसरी वाट निवडली गेली ती यामुळे, ती परिणामकारक ठरेल असा हिशोब कोणी मांडला होता म्हणून नव्हे.

काय केले गेले

११ सप्टेंबर १९३५ ला ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सॅम्युएल होर जिनिव्हाच्या सभेत बोलले. विनाकारण केलेल्या आक्रमणाचा सामूहिक आणि ठाम प्रतिकार करायला ब्रिटन उभा राहील, असा त्या भाषणाचा सूर होता. छोट्या देशांना हायसे वाटले. ब्रिटिश युद्धनौका जिब्राल्टरकडे निघाल्या.

सभागृहातल्या कोणाला माहीत नव्हते ते हे : आदल्याच दिवशी होर आणि लावाल यांनी आपसात ठरवून टाकले होते की लष्करी निर्बंध नाहीत, सुवेझ बंद करायचा नाही, युद्ध ओढवेल असे काहीच करायचे नाही. माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण हा आहे. धमकी जाहीर द्यायची आणि ती पाळायची नाही हे खासगीत आधीच ठरवून ठेवायचे, तर समोरच्याला ते कळायला वेळ लागत नाही.

३ ऑक्टोबरला इटलीच्या फौजा युद्ध जाहीर न करताच मारेब नदी ओलांडून अ‍ॅबिसिनियात घुसल्या. यानंतर संघ आपल्या स्वभावाच्या मानाने फार भराभर हलला. चार दिवसांत संघाच्या परिषदेने इटलीने राष्ट्रसंघाचा करार मोडल्याचे ठरवले. आठवडाभरात ५४ पैकी ५० देशांनी त्याला मान्यता दिली. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि अल्बेनिया बाजूला राहिले. १८ नोव्हेंबरला निर्बंध लागू झाले : इटलीला शस्त्रे नाहीत, कर्ज नाही, इटलीचा माल घ्यायचा नाही, आणि काही वस्तू इटलीला विकायच्या नाहीत.

ती शेवटची यादी वाचण्यासारखी आहे. इटलीला घोडे, खेचरे, गाढवे आणि उंट विकायला बंदी होती. रबर, कथील, बॉक्साइट, मँगेनीज, निकेल यांनाही बंदी. लोखंडाचे खनिज बंद, पण तयार पोलाद सुरू. कोळसा सुरू. आणि तेलही सुरू. इटलीची फौज ट्रक, रणगाडे आणि विमाने घेऊन गेली होती आणि संघाने अडवले होते ओझ्याचे जनावर.

यादी अशी का झाली? निर्बंध ठरवणाऱ्या संघाच्या समितीने कसोटी अशी लावली की ज्या वस्तूंचा पुरवठा मुख्यतः सदस्य देशांच्या हातात आहे, त्याच आधी बंद करायच्या. तेल अमेरिकेकडूनही येत होते आणि अमेरिका संघात नव्हती, म्हणून तेल नंतर. कसोटी ऐकायला वाजवी वाटते. तिने प्रश्न मात्र बदलून टाकला. काय थांबवले तर युद्ध थांबेल, याऐवजी काय थांबवले तर आपल्यात मतभेद होणार नाहीत, हे विचारले गेले. शिवाय अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी नोव्हेंबरच्या मध्याला आपल्या व्यापाऱ्यांना असा माल इटलीला जादा पाठवू नका असे आवाहन केले होते. त्यामागे कायद्याचे बळ नव्हते आणि तेल जात राहिले, हे खरे. पण जिनिव्हाने स्वतः तेल बंद केले असते, तर वॉशिंग्टनवरचा दबाव वेगळा राहिला असता. सदस्य देशांपैकी रुमानिया आणि सोव्हिएत संघ हे तेल विकणारे देश, बाकीचे थांबवत असतील तर आम्हीही थांबवू, असे सांगत होते.

इकडे इटलीत निर्बंधांचा उलटाच परिणाम झाला. ‘सारे जग आपल्याविरुद्ध’ हे मुसोलिनीला लोकांना सांगता आले. १८ डिसेंबरला राणीपासून खेड्यातल्या बायकांपर्यंत हजारोंनी लग्नातल्या सोन्याच्या अंगठ्या देशासाठी काढून दिल्या.

तेलाचा विषय नोव्हेंबरअखेर चर्चेला यायचा होता. लावालने तो पुढे ढकलून घेतला आणि डिसेंबरचा दुसरा आठवडा ठरला. तेल बंद म्हणजे युद्ध, असे मुसोलिनीने सगळीकडे पसरवून ठेवले होते. आणि त्या बैठकीच्या तोंडावर, ७ आणि ८ डिसेंबरला, होर स्वित्झर्लंडला सुट्टीवर जाताना वाटेत पॅरिसला उतरले. तिथे लावालबरोबर त्यांनी तोडगा काढला : अ‍ॅबिसिनियाने तिग्रे आणि ओगादेनचा मोठा भाग इटलीला द्यायचा, दक्षिणेचा विस्तीर्ण पट्टा इटलीच्या आर्थिक वर्चस्वाखाली जायचा, आणि बदल्यात अ‍ॅबिसिनियाला समुद्रापर्यंत एक चिंचोळी वाट मिळायची. लंडनच्या ‘टाइम्स’ने तिला उंटांची वाट म्हणून हिणवले. मसुदा पॅरिसच्या वृत्तपत्रांत लगेच फुटला. महिन्यापूर्वी राष्ट्रसंघाच्या नावाने मते मागून निवडून आलेल्या सरकारविरुद्ध ब्रिटनमध्ये संताप उसळला. होर तोवर स्केटिंग करताना पडून नाक मोडून बसले होते. १८ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी ईडन आले.

योजना मेली, पण तिने जे करायचे ते करून झाले होते. तेलाचा निर्णय लांबला. मुसोलिनीला कळले की ज्यांनी निर्बंध लावले तेच मागच्या दाराने सौदा करायला तयार आहेत. तज्ज्ञांची समिती नेमली गेली, फेब्रुवारीत तिचा अहवाल आला, आणि त्यावर विचार चालू असताना ७ मार्च १९३६ ला हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये (जिथे करारांनुसार सैन्य ठेवायला बंदी होती अशा जर्मन प्रदेशात) सैन्य घातले. आता इटलीला आणखी डिवचायला फ्रान्स कोणत्याच अटीवर तयार नव्हता.

रणांगणावर डिसेंबरअखेरपासून इटलीची विमाने मस्टर्ड गॅस टाकत होती. विषारी वायूवर बंदी घालणारा १९२५ चा जिनिव्हा करार इटलीने १९२८ मध्येच मान्य केलेला होता. स्वीडिश रेड क्रॉसच्या फिरत्या रुग्णालयावरही बॉम्ब पडले. ३१ मार्चला मायचेवच्या लढाईत सम्राटांची उरलेली फौज मोडली. २ मेला ते देश सोडून निघाले.

निष्पत्ती

५ मे १९३६ ला इटलीचा सेनापती मार्शल बादोल्यो राजधानी अदिस अबाबात शिरला आणि चारच दिवसांत मुसोलिनीने साम्राज्याची घोषणा केली. ३० जूनला हेले सेलासी जिनिव्हाच्या व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा पत्रकारांच्या गॅलरीतून इटलीच्या वार्ताहरांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना बाहेर काढावे लागले. सम्राटांनी कर्ज मागितले. ते देण्याच्या बाजूने एकच मत पडले. १५ जुलैला निर्बंध उठवण्यात आले.

ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूने हिशोब मांडला तर तेलही गेले, तूपही गेले. अ‍ॅबिसिनिया गेला, आणि ज्याला जपण्यासाठी सगळे अर्धेमुर्धे ठेवले तो मुसोलिनी वर्षअखेरीआधीच हिटलरच्या गोटात होता. डिसेंबर १९३७ मध्ये इटलीने राष्ट्रसंघही सोडला. त्याहून कमी बोलला जाणारा परिणाम छोट्या देशांवर झाला. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलँड, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि स्पेन यांनी १ जुलै १९३६ लाच संयुक्तपणे सांगून टाकले की कलम १६ आता आपण पूर्वीसारखे बंधनकारक मानत नाही. निर्बंध लावण्यात त्यांनी नुकसान सोसले होते. पुन्हा ते सोसायची त्यांची तयारी नव्हती.

भारत तेव्हा पारतंत्र्यात असूनही राष्ट्रसंघाचा स्वतंत्र सदस्य होता. सरकारी धोरण लंडनचे असले तरी लोकांची भावना अ‍ॅबिसिनियाच्या बाजूने होती. मे १९३६ मध्ये काँग्रेसने अ‍ॅबिसिनिया दिन पाळला. आणि जे १९३५ मध्ये टाळले त्याची किंमत थोडी आपल्याकडच्या घरांनीही मोजली. ज्या एरिट्रियातून इटलीने स्वारी केली, तिथल्या केरेनच्या डोंगरांत मार्च १९४१ मध्ये ब्रिटिश आणि भारतीय फौजांना इटलीच्या सैन्याशी तुंबळ लढाई करावी लागली. डोलोगोरोडॉक किल्ल्याच्या वाटेवरचा ‘पिनॅकल’ हा सुळका मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीने चढून जिंकला. त्या वर्षी ५ मेला हेले सेलासी राजधानीत परतले. दहा वर्षांनी त्यांनीच संयुक्त राष्ट्रांच्या हाकेला प्रतिसाद देऊन कोरियात सैन्य पाठवले.

वेगळे काय करता आले असते

मागाहून शहाणपण सुचणे सोपे असते, म्हणून त्या वेळी लोकांना जे माहीत होते तेवढ्यावरच राहतो.

सगळ्यात मोठी संधी जानेवारी ते सप्टेंबर १९३५ मध्ये होती. फौज उतरत होती, पण मुसोलिनीची प्रतिष्ठा अजून पूर्ण पणाला लागलेली नव्हती. स्त्रेसाला इटली जर्मनीच्या भीतीने आली होती. तिलाही तेव्हा ब्रिटन-फ्रान्सची गरज होती. आक्रमण केलेत तर पहिल्या दिवसापासून तेल बंद, हे त्या टेबलावर बंद दाराआड सांगता आले असते आणि कोणाची जाहीर मानहानीही झाली नसती. झाले उलटे : खासगीत सलोखा, जाहीर सभेत धमकी. शस्त्रबंदीही याच काळात चुकली. अ‍ॅबिसिनियाला विमानविरोधी तोफा विकत घेऊ देण्यासाठी कोणालाच युद्धात उतरावे लागणार नव्हते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मुसोलिनी कोंडीत सापडून खरोखरच ब्रिटिश आरमारावर तुटून पडला असता तर? लंडनने हा धोका हवेतून काढला नव्हता. पण पुढे १९३८ मध्ये, म्युनिकमध्ये, राष्ट्रसंघाने निर्बंध तेलापर्यंत नेले असते तर मला आठवड्यात माघार घ्यावी लागली असती, असे मुसोलिनीने हिटलरला सांगितल्याचे हिटलरच्या दुभाष्याने लिहून ठेवले आहे. फुशारकीचा भाग वजा केला तरी हे दुर्लक्षण्यासारखे नाही.

आणि संघाच्या स्वतःच्या तज्ज्ञांचा आकडा तर समोरच होता. सर्व सदस्यांनी तेल बंद केले आणि अमेरिकेने आपली विक्री नेहमीच्या पातळीवर ठेवली, तर साडेतीन महिन्यांच्या आत परिणाम होईल, असे फेब्रुवारी १९३६ चा त्यांचा अहवाल सांगतो. बाकी निर्बंधांबरोबर १८ नोव्हेंबरला तेलही बंद झाले असते, तर ही मुदत मार्चच्या सुरुवातीला भरली असती. अ‍ॅबिसिनियातला मोठा पाऊस जूनमध्ये लागतो आणि त्या पावसात डोंगराळ रस्त्यांवरून ट्रक चालत नाहीत. इटलीला काहीही करून त्याआधी मोहीम संपवायची होती. बादोल्यो राजधानीत पोचला तेव्हा पावसाला जेमतेम महिना उरला होता.